एका टाकीत कोण कोण नांदेल?

"ऑस्करबरोबर अजून काय ठेवता येईल?" शोभेचे मासे विकणाऱ्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न कानावर पडतोच. उत्तरही ठरलेलं असतं. "काहीही ठेवा की. फक्त लहानपणापासून एकत्र वाढवा, मग भांडत नाहीत." मग दोन इंची ऑस्कर, दोन-चार सिल्व्हर डॉलर, काच साफ करायला एक सकर आणि हौस जास्त असेल तर अरोवानाचं बोटभर पिल्लू, अशी वरात दोन फुटी टाकीसह घरी येते. काही महिने सगळं गुण्यागोविंदानं चालतं. मग एका सकाळी मोजायला गेलं की एक मासा कमी भरतो. चार दिवसांनी आणखी एक.

एकत्र वाढवण्याच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तर तो टिकून आहे. पिल्लं भांडत नाहीत हे खरं, कारण त्या वयात त्यांना हद्द राखायची नसते आणि एकमेकांना गिळण्याइतकं तोंड कुणालाच नसतं. ऑस्कर वर्ष-सव्वा वर्षाचा झाला, वयात आला की दोन्ही गोष्टी बदलतात. सोबत वाढल्याची ओळख माशाला नसते असं नाही. ऑस्करसारखे सिक्लिड कुळातले मासे एकेका माशाला ओळखतात. पण ओळख आहे म्हणून हद्द सोडायची, हा नियम त्यांच्यात नाही. भाऊबंदकीत जे चालतं तेच तिथेही चालतं.

या विषयात सगळ्यात मोठा घोळ एका शब्दानं होतो, तो म्हणजे 'रागीट'. रागीट मासा म्हणून आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. एक भूक, दुसरी हद्द. तळ्यातली मरळ छोटी मासोळी गिळते तेव्हा ती कुणावर चिडलेली नसते. ती जेवत असते. उलट फ्लॉवरहॉर्न हा शोभेचा मासा आपल्याच आकाराच्या माशाला टोचून टोचून मारतो आणि नंतर त्याला तोंडही लावत नाही. तिथे जेवणाचा प्रश्नच नव्हता. शिकारी मासा आणि भांडकुदळ मासा एकाच अंगात असू शकतात, पण त्यांच्यावरचे उपाय वेगळे. भुकेचा उपाय सोबत्याच्या आकारात आहे. हद्दीचा उपाय जागेत आणि सोबत्याच्या रूपात आहे. दुकानातला सल्ला फसतो तो बहुतेक वेळा एकाचं औषध दुसऱ्याला दिल्यामुळे.

भुकेचं गणित सोपं आहे, म्हणून ते आधी. ऑस्कर आपलं भक्ष्य चावून खात नाही. तो जवळ येतो, क्षणभर थांबतो आणि मग त्याचा जबडा नळीसारखा पुढे झेपावतो. त्याच वेळी गालाची पोकळी एकदम फुगते, पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर समोरचा मासाही. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. घशात सिक्लिड माशांना जबड्याची आणखी एक जोडी असते. चिरडण्याचं काम तिथे, आपल्या नजरेआड होतं. म्हणजे वरून पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की मासा होता आणि आता नाही.

मग सोबती तोंडात मावतो की नाही हे लांबीवरून ठरवायचं की जाडीवरून? जाडीवरून, आणि त्याहीपेक्षा उंचीवरून. काडीसारखा लांब मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत गिळता येतो. ताटलीसारखा उभा-चपटा मासा तोंडात आडवा अडकतो. सिल्व्हर डॉलरची शिफारस होते ती याचसाठी. पण दुकानात मिळणारं सिल्व्हर डॉलरचं पिल्लू खरोखरच नाण्याएवढं असतं, आणि नाणं गिळता येतं. ते तळहाताएवढं झाल्यावरच बिनघोर. तोवर ऑस्करचं पिल्लू त्याच्यापेक्षा झपाट्यानं वाढत असतं, आणि शर्यत कोण जिंकणार हे वेगळं सांगायला नको. निऑन टेट्रा, गप्पी, मॉली यांच्याबद्दल तर बोलायलाच नको; ऑस्करच्या टाकीत ते सोबती म्हणून गेले तरी जेवण म्हणूनच संपतात.

एक अपवाद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तळाशी राहणारे छोटे कॅटफिश, म्हणजे कोरीडोरास किंवा आपल्या नदीतला शिंगटा. उजनी धरणात जाळं टाकणाऱ्या कुणालाही विचारा, शिंगट्याचा काटा हातात घुसला की काय होतं ते. या माशांच्या कल्ल्यामागच्या परांना एक कडक काटा असतो. धोका वाटला की तो काटा आडवा उभा राहतो आणि बुडाशी असा अडकून बसतो की बाहेरून ढकलला तरी मिटत नाही. ऑस्कर असा मासा गिळायला जातो, काटा घशात रुततो, आणि मग त्याला ना आत घेता येतं ना बाहेर टाकता येतं. दोघंही जातात. तोंडात मावणारा छोटा कॅटफिश हा म्हणूनच सगळ्यात वाईट सोबती. मोठा ठेवायचा किंवा ठेवायचाच नाही.

हे तोंडाचं माप शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना केव्हापासून पाठ आहे. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकून मरळ, शिंगटा असे भक्षक मासे काढून टाकायची पद्धत जुनी. मत्स्यजिरे सोडण्याऐवजी बोटुकली सोडा असं सांगतात त्यामागचं एक कारण हेच. बोटाएवढा मासा कमी तोंडांत मावतो. आग्नेय आशियात तर याच गणिताचा उलटा वापर करतात. चिलापीच्या तळ्यात पिल्लांची बेसुमार पैदास होते आणि कुणीच नीट वाढत नाही. म्हणून तिथे चिलापीबरोबर थोड्या मरळी सोडतात. अट एकच: मरळ सोडताना ती मोठ्या चिलापीपेक्षा लहान हवी. मग ती पिल्लं खाते आणि आई-बापांना काही करू शकत नाही. 'कुणाबरोबर काय ठेवू' या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर शोभेच्या माशांवरच्या पुस्तकांतही क्वचित मिळेल.

आता हद्दीचं. इथे गणित संपतं आणि स्वभावाचं काम सुरू होतं.

फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, पॅरट, जॅक डेम्प्सी आणि आपली चिलापी हे सगळे एकाच सिक्लिड कुळातले. या कुळात आई-बाप पिल्लं सांभाळतात, त्यासाठी तळाचा तुकडा धरून बसतात आणि त्या तुकड्यात दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. नदीत याचा फारसा त्रास होत नाही. हरलेला मासा पाच-दहा हात दूर निघून जातो आणि भांडण मिटतं. काचेच्या टाकीत हरलेल्याला जायला जागाच नाही. तो कोपऱ्यात जातो, जिंकलेल्याला तो अजून दिसतो, म्हणजे त्याच्या लेखी भांडण चालूच आहे. टाकीत मासे मरतात ते बहुतेक वेळा पहिल्या हाणामारीत नव्हे, तर हरलेल्यानं हरून झाल्यानंतर.

या भांडणाची सुरुवात ओळखता आली तर पुष्कळ मासे वाचतात. दोन ऑस्कर समोरासमोर आले की आधी रंग गडद होतो. मग कल्ल्यांची झाकणं पसरतात, सगळे पर ताठ होतात, दोघं बाजूबाजूला येऊन अंग मोठं करून दाखवतात आणि शेपटीनं एकमेकांवर पाणी फेकतात. यातच एकानं पर मिटले आणि रंग फिका केला तर प्रकरण संपतं. कुणीच माघार घेतली नाही तर तोंडात तोंड अडकवून ओढाओढ सुरू होते. इथपर्यंत आलं की मध्ये जाळी किंवा काच घालायची वेळ झाली. ऑस्करच्या शेपटीच्या बुडाशी जो नारिंगी कड्याचा काळा ठिपका असतो तो डोळ्यासारखा दिसतो. ॲमेझॉनच्या पाण्यात पर कुरतडणाऱ्या पिराना माशांना डोकं कुठलं आणि शेपूट कुठली याचा चकवा देण्यासाठी तो असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे हा दांडगट वाटणारा मासाही त्याच्या मुलखात कुणाला तरी घाबरून असतो.

सगळ्यात जास्त वैर आपल्यासारख्या दिसणाऱ्याशी. हे माणसांबद्दल म्हटलं तर वाद होईल, सिक्लिडांबद्दल मात्र अगदी खरं आहे. सारख्या अंगाचा, सारख्या रंगाचा मासा म्हणजे सारख्याच जागेवर आणि सारख्याच मादीवर हक्क सांगणारा. म्हणून एका फ्लॉवरहॉर्नबरोबर दुसरा फ्लॉवरहॉर्न ठेवणं हा सरळ मूर्खपणा, आणि फ्लॉवरहॉर्नबरोबर लाल पॅरट ठेवणं हा थोडा कमी मूर्खपणा. वेगळ्या कुळातला, वेगळ्या बांध्याचा, पाण्याच्या वेगळ्या थरात राहणारा सोबती तुलनेनं सुखात राहतो. तळाशी ऑस्कर, मधल्या पाण्यात सिल्व्हर डॉलरचा थवा, अशी वाटणी चालते. कारण ऑस्करच्या लेखी सिल्व्हर डॉलर हा प्रतिस्पर्धीच नाही.

थव्याचा आणखी एक उपयोग आहे. ऑस्ट्रियाचे कोनराड लॉरेन्झ यांना १९७३ साली प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी नोबेल विभागून मिळालं. त्यांनी १९६३ च्या आक्रमकतेवरच्या गाजलेल्या पुस्तकात सिक्लिडांची एक गंमत नोंदवली आहे. नर-मादीची जोडी टाकीत एकटीच ठेवली की नर कधीतरी मादीवरच उलटतो. शेजारी, काचेपलीकडे का होईना, दुसरा नर दिसत असला की मात्र संसार सुरळीत चालतो. राग बाहेर काढायला कुणी तरी लागतं, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. राग अंगात साठत जातो ही त्यांची उपपत्ती पुढे बऱ्याच शास्त्रज्ञांनी मान्य केली नाही, पण निरीक्षण टाकी ठेवणाऱ्यांना आजही पटतं. चपळ माशांचा थवा वर खेळत असला की खालच्या ऑस्करचं लक्ष विभागलं जातं, तो कुणा एकाच्याच मागे लागत नाही. शिवाय थवा निर्धास्त फिरतोय म्हणजे आसपास संकट नाही, हे पाहून बुजरा ऑस्करही बाहेर येतो.

दुसरा एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यानं टाकी ठेवणाऱ्यांच्या एका जुन्या तक्रारीचा उलगडा होतो. मार खाऊन बाजूला काढलेला मासा बरा झाल्यावर परत सोडला, तर ज्यांनी त्याला कधी मारलं नव्हतं तेही त्याच्यावर धावून जातात. असं का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लोगन ग्रोसेनिक, रसेल फर्नाल्ड आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या एका सिक्लिडवर केलेला अभ्यास २००७ साली 'नेचर'मध्ये आला. एका नराला काचेपलीकडून इतर पाच नरांच्या लढती दाखवल्या. पहिल्यानं दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं चौथ्याला, चौथ्यानं पाचव्याला. दुसरा आणि चौथा यांची लढत त्यानं कधी पाहिलीच नव्हती. नंतर हे दोघं त्याच्यासमोर ठेवले तर तो चौथ्याच्या, म्हणजे कमजोराच्या जवळ गेला. न पाहिलेल्या लढतीचा निकाल त्यानं मनातल्या मनात लावला होता. तेव्हा तुमच्या टाकीत भांडण चालू असतं तेव्हा बाकीचे मासे नुसते पोहत नसतात. ते हिशेब ठेवत असतात. हरलेल्याला त्याच टाकीत, त्याच मांडणीत परत सोडू नये.

परत सोडायचाच असेल किंवा नवा मासा आणायचा असेल तर आधी दगड-लाकडं हलवून सगळी मांडणी बदलायची, म्हणजे जुन्याच्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात. जुन्याला पोटभर खायला घालायचं. दिवा बंद करायचा आणि नव्याला संध्याकाळी सोडायचं. शक्य असेल तर पहिले काही दिवस मध्ये जाळी किंवा पारदर्शक फळी ठेवायची. एवढं करूनही जमेलच असं नाही. पण काही न करता पिशवी फोडून मासा आत ओतला तर तो बहुधा मरतोच.

जागेबद्दल थोडक्यात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५६ लिटर पाणी मावतं. यात प्रौढ ऑस्कर ठेवणं ही क्रूरता आहे. तो फूटभर वाढतो. चार फूट बाय दीड बाय दीडची टाकी २५५ लिटरची, ती एका ऑस्करला पुरते. ऑस्करची जोडी आणि वर सिल्व्हर डॉलरचा थवा हवा असेल तर सहा बाय दोन बाय दोन, म्हणजे ६८० लिटर. ही टाकी काच, स्टँड, दगड धरून पाऊण टनाच्या वर जाते, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या जुन्या स्लॅबवर ठेवण्याआधी एखाद्या इंजिनिअरला विचारलेलं बरं. अरोवानाच्या बाबतीत लोक लांबी बघतात आणि रुंदी विसरतात. सिल्व्हर अरोवाना अडीच-तीन फूट वाढतो. दोन फूट रुंदीच्या टाकीत त्याला वळताच येत नाही, मग लांबी आठ फूट असली तरी काय उपयोग? शिवाय तो उडी मारणारा मासा, घट्ट झाकण लागतंच. मरळही तशीच. सकाळी फरशीवर सापडलेल्या माशाचा मारेकरी बहुतेक वेळा उघडं झाकण हाच असतो.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही गावात लागू आहे. आपल्या सोलापुरात मात्र सोबत्यांची संख्या ठरवताना माशांच्या स्वभावापेक्षा दोन गोष्टी जास्त बोलतात: उन्हाळा आणि नळ.

आफ्रिकेच्या मलावी तळ्यातल्या भांडकुदळ रंगीत सिक्लिडांसाठी जगभर एक युक्ती सांगितली जाते. टाकीत मुद्दाम गर्दी करा. मासे भरपूर असले की कुणालाच हद्द धरता येत नाही, आणि दांडगाईचा मार एकावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. युक्ती खरी आहे. पण ती जिथे सांगितली गेली तिथे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जात नाही. २५ अंशांच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३२ अंशांवर तो ७.३ वर येतो. त्याच वेळी माशाच्या अंगातली सगळी यंत्रणा उष्णतेनं वेगात चालू असते, त्याला प्राणवायू जास्त हवा असतो. पुरवठा घटला आणि मागणी वाढली. अशात दुपारी दोन तास वीज गेली, फिल्टर आणि हवेचा पंप बंद पडला, की गर्दीची टाकी संध्याकाळपर्यंत तरंगायला लागते. मोठे, शिकारी, भरपूर खाणारे मासे आधी जातात.

अमोनियाचंही तसंच. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. काळ्या पाषाणातून उपसलेलं आपल्याकडचं बोअरचं पाणी कठीण आणि अल्कधर्मी. मलावीच्या माशांना ते मानवतं, ऑस्करही जमवून घेतो, पण अमोनियाच्या बाबतीत या पाण्यात हलगर्जीपणाला जागा नाही.

आणि नळ. शिकारी मासे मांसाहारी, त्यांची घाण जास्त, तेव्हा आठवड्याला टाकीतलं निदान ३० टक्के पाणी बदलावं लागतं. ६८० लिटरच्या टाकीत ते झालं दोनशे लिटर. म्हणजे एक मोठा बॅरल भरून. ज्या शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं, जिथे उजनीच्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की घराघरांत घागरी-बादल्यांची मोजदाद सुरू होते, तिथे दोनशे लिटर माशांसाठी बाजूला काढणं घरातल्या सगळ्यांना पटेलच असं नाही. याची एक चांगली बाजू आहे: नळाचं पाणी बॅरलमध्ये दोन-तीन दिवस साठवलेलं असल्यानं त्यातला क्लोरीन बराचसा उडून गेलेला असतो. ताजं पाणी वापरायची वेळ आली तर मात्र दुकानात मिळणारा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आधी घालायचा. टाकीतून काढलेलं पाणी गच्चीवरच्या तुळशीला, जास्वंदीला घालावं. नायट्रेटमुळे ते खतासारखं काम करतं.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर माझं मत असं. सोलापुरातल्या घरात, जास्तीत जास्त चार फुटी टाकी परवडत असेल तर एक ऑस्कर ठेवा आणि त्याला सोबत देऊ नका. ऑस्कर एकटा राहून झुरत नाही. तो खायला घालणाऱ्या माणसाला ओळखतो, काचेपाशी येतो, त्याचं मन त्यात रमतं. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवायचा. हा निसर्गातला मासाच नव्हे. १९९० च्या दशकात मलेशियात वेगवेगळ्या सिक्लिडांच्या संकरातून तो तयार झाला, आणि कपाळावरचा फुगा आणि तिखट स्वभाव या दोन्हींसाठीच तो निवडत नेला गेला. त्याला मित्र शोधत बसण्यात अर्थ नाही. सहा फुटी टाकी आणि पाण्याची सोय असेल तर ऑस्करची जोडी, सहा-सात मोठे झालेले सिल्व्हर डॉलर किंवा टिनफॉइल बार्ब, एवढं पुरे. तळाला वेगळा मासा हवाच असेल तर आफ्रिकेतला बिचिर. तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, म्हणून उन्हाळ्यात इतरांपेक्षा टिकाव धरतो. तो निदान ऑस्करएवढ्या लांबीचा घ्यावा.

आपल्या नदी-ओढ्यांतल्या शिकारी माशांकडे शोभेच्या माशांचा छंद असणारे फारसे बघत नाहीत, हे मला खटकतं. मरळ आणि चालट दोघंही हवा श्वासात घेऊ शकतात. उन्हाळ्यातलं तापलेलं, आटलेलं पाणी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीचं आहे. मोठी मरळ घरच्या टाकीत मावणार नाही, पण तिचीच लहान जात, चन्ना गचुआ, साधारण वीतभर होते. निळसर अंग, परांना नारिंगी कड. परदेशात याच माशासाठी लोक चांगले पैसे मोजतात. नर पिल्लांना तोंडात सांभाळतो. जोडी ठेवायची ती स्वतंत्र टाकीत, झाकण लावून.

एक सवय मात्र मोडायलाच हवी: शिकारी माशाला जिवंत गोल्डफिश घालणं. बघणाऱ्याला मजा येते, माशाला काही फायदा नाही. विकायच्या गोल्डफिशबरोबर रोग येतात, आणि गोल्डफिशच्या अंगात थायामिनेज नावाचं द्रव्य असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. महिनोन् महिने तेच खाऊन मासा खंगतो. जिवंत शिकार खाऊन मासा 'रागीट' होतो हेही फार खरं नाही, पण तोंडासमोर हलणारं काहीही जेवण असतं ही शिकवण मात्र त्याला रोज मिळते, आणि मग सोबत्याची पाळी येते. चांगल्या प्रतीच्या गोळ्या मुख्य अन्न म्हणून, मधूनमधून टोळ किंवा गांडूळ, एवढं पुष्कळ.

अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न 'लकी' म्हणून विकले जातात. ज्याला श्रद्धा आहे त्यानं ती ठेवावी, पण कायदा माहीत असू द्यावा. आशियाई अरोवाना, तो लाल-सोनेरी महागडा, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली आणि त्याचे नियम २०२४ मध्ये आले. कागदपत्रांशिवाय मिळालेला अरोवाना घरात नशीब आणण्याऐवजी वन खात्याला आणू शकतो. दक्षिण अमेरिकेतल्या सिल्व्हर अरोवानाचं तसं नाही.

आता उजनीकडे वळायला हवं, कारण चुकीचे सोबती एका पाण्यात सोडले तर काय होतं हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत असणार? माढा तालुक्यातल्या उजनीजवळ भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. एवढ्या पाण्यात जागेची अडचण कुणालाच नसावी. तरीही आज भिगवण किंवा इंदापूरच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग दिसतात आणि वांब, मरळ, शिंगटा शोधावे लागतात. मोझांबिकची चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली. ती काही मोठी शिकारी नाही. पण ती हद्द धरते, मादी अंडी-पिल्लं तोंडात जपते, वर्षात अनेकदा विते, आणि घाण, गरम पाणीही सोसते. आधी सांगितलेले सगळे गुण तिच्यात आहेत. त्यात आफ्रिकन मांगूरची भर पडली. या माशाच्या पालनावर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली, पण उजनीच्या पाणलोट भागातली बेकायदा तळी प्रशासनाला नंतरही मोडावी लागली आहेत.

शोभेच्या टाकीचा या गोष्टीशी थेट संबंध येतो तो सकरमुळे. दुकानात 'काच साफ करणारा' म्हणून मिळणारा, बोटाएवढा, गरीब दिसणारा हा मासा दीड फुटांपर्यंत वाढतो, आणि मग टाकीत जागा नाही म्हणून कुणी तरी त्याला तळ्यात, नदीत सोडून येतं. उजनीत तो सापडला आहे. अंगावर हाडाचं चिलखत, परांना काटे. जाळ्यात अडकला की जाळं फाडतो, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. काठाला बिळं करून तो अंडी घालतो. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला, तोही असाच कुणाच्या तरी टाकीत न मावलेला असणार. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया तळ्यात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला, आणि पुढच्या काही दशकांत तिथल्या शेकडो सिक्लिड जाती नाहीशा झाल्या. तिथे पुन्हा तोंडाच्या मापाचाच प्रश्न होता.

तेव्हा ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न किंवा सकर घेण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: मोठा झाल्यावर तुम्ही हा मासा परत घ्याल का? बरेच दुकानदार घेतात, कारण वाढलेल्या ऑस्करला गिऱ्हाईक असतं. सकरला नसतं. उत्तर 'नाही' असेल तर तो मासा घेऊ नका. आणि घेतलाच असेल, सांभाळणं जमत नसेल, तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पशुवैद्यकाला विचारा. पण सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात किंवा उजनीच्या पाण्यात तो सोडू नका.